साच्यातली एक ओळ

माझा दोस्त किशोर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या बाजारात भाजी घेत होतो. पिशवी तिथंच विसरून घरी आलो. आता महिना झाला, पण त्याच्याबद्दल लिहायला बसलो की रडू येण्याऐवजी अंगात त्याच्यासोबतच्या दिवसांचीच धांदल संचारते... इलाज नाही, माणूसच तसा होता.

अंबरनाथच्या आमच्या मंडळाचा दरवर्षी बौद्ध वधू-वर मेळावा असायचा. एका वर्षी किशोर म्हणाला, यादी छापायची नाही, वेबसाइट करायची. मी हौसेनं एकेकाचं एचटीएमएल पान हातानं टाइप करायला बसलो. माझी पन्नास पानं झाली तरी हा पठ्ठ्या शेजारच्या कॅम्प तीन वस्तीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एकाच पानाशी झटापट करत होता. "अरे, नाव, शिक्षण, उंचीच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. पीएचपीचा प्रोग्राम यादीतून उचलून भरेल, पान आपोआप तयार." मी म्हटलं, "नसती उठाठेव." आधी त्यानं अख्खं पान अवतरणचिन्हांत कोंबून 'इको' केलं, म्हणजे प्रोग्रामकडून जसंच्या तसं छापून घेतलं, एक चिन्ह राहिलं की स्क्रीन पांढराफटक. मग वैतागून सगळ्या पानांसाठी एकच साचा केला, माहिती वेगळी ठेवली. चाललं तेव्हा त्यानं मला मिठीच मारली.

मेळाव्याच्या सकाळी हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडला. किशोरच्या धाकट्या बहिणीनं, उज्ज्वलानं, स्वतःचं पान उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. जुन्या छापील फॉर्मवरून आम्ही डोळे झाकून 'पोटजात' ही ओळही उचलली होती.

"दादा, आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच हे गेलं ना?"

त्यांचे वडील, आमचे काका, मंडळाचे सचिव. ते म्हणाले, "बाळा, लोक विचारतात."

"मग माझं पान काढा."

दारात माणसं जमू लागली होती. मी मनात म्हटलं, मेलो, आता सगळी पानं दुरुस्त कधी करणार? किशोरनं वडिलांकडे एकदा बघितलं, खाली बसला आणि साच्यातली ती एक ओळ पुसली. उज्ज्वलाचं पान पुन्हा उघडलं, पोटजात नाही. पुढचं उघडलं, नाही. त्याच्या पुढचं, तिथंही नाही! एका फटक्यात सगळ्यांची गेली. मी वेड्यासारखा पानामागून पान उघडत सुटलो, उज्ज्वला हसत सुटली. दुपारी कुणीतरी पोटजात विचारलीच, तेव्हा काका म्हणाले, "ती माहिती आम्ही ठेवत नाही."

परवा काकांनी बोलावलं. साइट आता दुसरं कुणी बघणार, त्याला फाइली समजावून दे म्हणाले. किशोरच्या टेबलाशी बसून साचा उघडला. शिक्षण आणि उंची यांच्या मधे त्यानं एक टीप लिहून ठेवली होती. ती वेबसाइटवर कुणालाच दिसत नाही, फाइल उघडणाऱ्यालाच दिसते: 'इथली ओळ उज्ज्वलानं काढली. परत टाकू नये.'

काकांनी ती मला दोनदा वाचायला लावली.