सरांनी रंगवलेला पुतळा

सर समोरच्याचं बोलणं ऐकताना त्याच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, कानाकडे बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, यांचं लक्षच नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "पेंटर, नाक-डोळे समदेच बघतात. पुतळा फसतो तो कानात. घरच्या माणसाला तिथंच कळतं, की हा आपला न्हाई."

परभणीत त्यांना सगळे पुतळेवाले सर म्हणत. शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेला वेळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढायचा, एवढंच त्यांचं जगणं. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. सरांच्या पुतळ्यांना ब्राँझसारखा रंग द्यायचं कामही माझ्याकडेच असे. सरांना रंगाचा हात नव्हता आणि त्याची त्यांना लाजही नव्हती.

ते आधी मातीत चेहरा घडवायचे. मग मुंबईहून मागवलेलं सिलिकॉनचं रबर ब्रशने त्यावर थरावर थर चढवायचे आणि वरून प्लास्टरचं कवच. साचा उघडला की आतली माती मोडायची, रबराच्या पोटात उलटा चेहरा राहायचा. त्यात काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन बसवलं की फायबरचा पुतळा तयार. "रबर लय इमानदार," ते म्हणायचे. "तुमच्या बोटाचा ठसासुद्धा लपवत न्हाई." रेझिनच्या वासाने माझं डोकं उठायचं. सर मात्र नाकाला फडकं बांधत नसत. वासावरून माल कधी घट्ट धरतो ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या वासाने आणि घासताना उडणाऱ्या भुकटीने त्यांची छाती आतून खाल्ली, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

नामांतराच्या दंगलीत बोरीपलीकडच्या एका गावात दलितांची वस्ती पेटवली गेली. वस्तीतल्याच एका तरुण मास्तराने दोन म्हाताऱ्या माणसांना बाहेर आणलं. तिसऱ्यांदा आत गेला, तो आलाच नाही. काही वर्षांनी त्याची आई सरांकडे आली. तिच्याजवळ लेकाचा एकच फोटो होता, परीक्षेच्या हॉल तिकिटावरचा. नखाएवढा, आणि अर्ध्या तोंडावर शिक्का.

सरांनी तिला माचीवर बसवलं आणि म्हणाले, "माय, तू सांग. मी करतो." महिनाभर ती दर बाजारच्या दिवशी यायची. "हनुवटी एवढी न्हाई." "हसला की डावा गाल मागं ऱ्हायचा त्याचा." सर मोडायचे, पुन्हा लावायचे. एक दिवस ती काहीच बोलली नाही, पदर तोंडात धरून उभी राहिली. तेव्हा सरांनी हात धुतले.

साचा घ्यायच्या दिवशी ती मुद्दाम आली. सरांनी रबर कालवलं, ब्रश कपाळावरून खाली येऊ लागला आणि ती एकदम पुढे झाली. "सर, नाकातोंडावर नका वो लावू. दम कोंडंल त्याचा."

मी मान फिरवली. सर थांबले. त्यांनी कागदाच्या दोन बारीक नळ्या वळल्या आणि मातीच्या नाकपुड्यांत बसवल्या. "हे बघ माय. आता घेईल दम." त्या नळ्यांमुळे साच्यात भोकं राहणार आणि पुढे दोन दिवस ती बुजवण्यात जाणार, हे त्यांना माहीत होतं.

पुतळ्याची बातमी फुटली. शेडवर दगड आले. सरांच्या भावकीने त्यांना लग्नकार्यात बोलावणं सोडलं. माझ्याकडे त्या गावची दोन वजनदार माणसं आली. "त्याला ब्रश लावलास, तर या तालुक्यात पाटी रंगवू देणार न्हाई." मी सरांकडे गेलो. म्हणालो, "मला जमायचं नाही. लेकरंबाळं आहेत."

सर बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. "मी देतो रंग."

पुतळा घेऊन ते आणि ती माय एसटीने गेले. छातीपर्यंतचाच पुतळा, मांडीवर आडवा धरून नेला म्हणे. त्यानंतरही सर मला निरोप धाडत, नवं काम आहे, ये म्हणत. मी त्यांच्या गल्लीतून जाणंच टाळू लागलो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. ते दवाखान्यात आहेत असं कळलं तेव्हा एकदाच गेलो. एक वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागत होतं. तेवढ्यातही त्यांनी विचारलं, "पोरगी... कितवीला गेली?" त्या पुतळ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. चौथ्या दिवशी सर गेले.

तेरावा झाल्यावर मी रंगाचा डबा घेऊन त्या वस्तीत गेलो. पुतळा चौथऱ्यावर होता. ब्रशचे फराटे दिसत होते, हनुवटीखाली रंगाचा ओघळ सुकला होता. बाजूच्या घरातून ती माय आली. फार वाकली होती. मी म्हणालो, "रंग नीट बसला नाही, माय. नीट करून देतो."

"ऱ्हाऊ द्या. सरांनी दिलाय त्यो." मग तिने कपाळावर हात धरून मला न्याहाळलं. "कोण म्हणायचं तुमी?"

"सरांचा दोस्त. त्यांच्या पुतळ्यांना मीच रंग द्यायचो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "मंग याला रंग द्यायचा तवा कुठं व्हते तुमी, बापू?"

मी खाली बसलो आणि डब्याचं सैल झालेलं झाकण दाबून बसवत राहिलो.