दुखतंय म्हणायला शिकवणारे गलांडे सर

गलांडे सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला गप्प बसवलं तेव्हा. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, घेऊन मी बारामतीला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले होते. तिथं शिकवणारे डॉक्टर म्हणजे सर. त्यांनी आत्यांना विचारलं, काय होतंय? सवयीनं मीच सांगायला लागले. सर म्हणाले, "बाई, पेशंट त्या आहेत. तुम्ही बाहेर बसा." मला राग आला. सांगवीहून आणायचं मी, आणि बाहेरही मीच बसायचं. पण आत आत्या पुष्कळ बोलल्या. लघवी कपड्यातच होते म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात गोड लिहिणारे पुष्कळ असतील. मी झालं ते लिहिते.

निवृत्त झाल्यावर सर आमच्या सांगवीच्या समाजमंदिरात दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांना तपासायला येऊ लागले. सोबत कॉलेजात नव्यानं शिकवायला लागलेल्या कीर्ती मॅडमना आणायचे. माणूस घसरून पडू नये म्हणून मॅडम आधी म्हाताऱ्यांच्या चपला बघायच्या, पायाची नखं बघायच्या, मग नाडी. पण कॉलेजचं शिकवणं आणि वॉर्ड सांभाळून त्यांना गुरुवार मिळायचा तो रजा टाकून. अशा नव्या शिक्षकांना म्हातारपणाच्या आजारांवरच काम करता यावं म्हणून अनुदान मिळतं. ते मॅडमना मिळावं यासाठी सरांनी किती उंबरे झिजवले. त्यातले बरेचसे त्यांच्याच विद्यार्थ्यांचे होते. तेही या ग्रंथात लिहितील.

शेवटी अनुदान देणारे लोक पाहणीला आले. गावानं काय केलं? लेकांनी आपापल्या म्हाताऱ्यांना नवी धोतरं, नवी लुगडी नेसवून समाजमंदिरात ओळीनं बसवलं. महिन्यात दोनदा पडलेल्या ज्ञानू तात्यांना साहेबांनी विचारलं, काही त्रास?

"न्हाय बा. पोरं सोन्यासारखी हायती. आमाला काय धाड भरलीया?"

मग सगळ्यांनी तेच म्हटलं. दोघींनी धरल्याशिवाय न उठणाऱ्या आमच्या आत्या पाहुण्यांना नमस्कार करायला उभ्या राहिल्या. पदराआडून माझा दंड असा धरला होता की वळ उठले. मला राहवेना. मी म्हटलं, साहेब, या खोटं बोलतायत. साहेबांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "त्यांनाच बोलू द्या."

अनुदान मिळालं नाही. इथल्या वृद्धांची तब्येत चांगली आहे, गरज दुसरीकडं जास्त आहे, असं कळवलं. गावाची अब्रू राहिली म्हणून सरपंच खूश. मॅडम मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेल्या. जायच्या आधी येऊन आत्यांच्या चपला तेवढ्या बघून गेल्या.

मी आत्यांवर चिडले. त्या म्हणाल्या, "पावण्यांम्होरं माझ्याच लेकाचं नाक कापू व्हय गं?" मग मी सरांशी भांडले, मला का बोलू दिलं नाही म्हणून. सर म्हणाले, "तुम्ही बोलला असता तर कदाचित पैसे मिळाले असते. पण त्यांचं बोलणं तुमच्या तोंडी देऊन मी त्यांना पुन्हा कोपऱ्यात बसवलं असतं." मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मॅडम गेल्या त्या गेल्याच.

तरी गुरुवार बंद पडला नाही. सर आता एकटेच एसटीनं येतात. समाजमंदिराच्या पायऱ्या चढताना गुडघा धरतात. मी विचारलं की म्हणतात, छे, मी ठणठणीत आहे. आत्या ऐकतात आणि माझ्याकडं बघून हसतात.

सर, दुसऱ्या एका नव्या डॉक्टरांसाठी तुम्ही पुन्हा अर्ज केलाय, असं ऐकलं. स्टेजवर सगळे तुम्हाला शंभर वर्षं जगा म्हणतील. मीही म्हणते, जगा, चांगले हिंडते-फिरते राहा. पण पाहणीवाले आले की त्या ओळीत पहिल्या खुर्चीत तुम्ही बसा. आता वयानं तुमचीही जागा तिथंच आहे. आणि साहेबांनी विचारलं की सांगा, गुडघा दुखतो, पायरी चढवत नाही. तुम्ही म्हणालात, तर आत्याही म्हणतील. मी बाहेर बसते.