दीड सुताचा बोल्ट

जगातली सगळी भांडणं बोल्टाच्या मापावरून होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे थोरले दीर. लातूरला त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानामागेच आमचं घर. नांदेडला एकदा त्यांनी शर्यतीच्या सायकलवर पाण्याची बाटली अडकवायची कडी पाहिली. त्या सायकलवाल्याला लिंबाखाली बसवून घेतलं आणि माप काढलं: दोन भोकं, मधलं अंतर चौसष्ट मिलिमीटर, बोल्ट पाच मिलिमीटरचा. तेव्हापासून तशाच कड्या ते घरी करू लागले. बाजारात मात्र जुन्या इंची मापातला, दीड सुताचा बोल्ट मिळायचा; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दिसायला तसाच, पण केसभर बारीक. "आत जातो, बसल्यासारखं करतो, आन् खड्ड्यात दगा देतो," असं ते त्याच्याविषयी एखाद्या सोयऱ्याविषयी बोलावं तसं बोलायचे. एका चुलत पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तर चहाच्या आधी मुलाची सायकल तपासून आले.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा दुष्काळ होता. दिरांनी नव्या कचेरीत अर्ज दिला, की जिल्हा नवा आहे तर बाटलीचा बोल्ट पहिल्यापासून एकाच मापाचा ठेवावा. कारकून म्हणाला, "काका, प्यायला पाणी न्हाई, अन् बाटलीचा बोल्ट?" दीर शांतपणे म्हणाले, "पाणी आल्यावर लई घाई व्हईल. आत्ताच ठरवा."

माझ्याशी ते कधी बोलले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पाणी हवं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "तांब्या आला तर बरं." मी पदर सावरून तांब्या ठेवायची. लग्नाला आठ वर्षं झाली तरी असंच.

जिल्हा झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात औशाच्या रस्त्यावर ते चक्कर येऊन पडले. घोट घोट पाणी घेतल्याशिवाय उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चार दिवसांनी ते पुन्हा औशाला निघाले. ते जेवत होते तेव्हा मी पाहिलं, बाटलीच्या कडीचा एक बोल्ट गळून पडला होता. मी आपणहून दुकानातल्या एका डब्यातला घेऊन लावला. छान बसला. मला मनातून बरं वाटलं. ते टांग टाकून निघाले, आणि डब्याचं झाकण लावताना माझं लक्ष गेलं, तो दीड सुताचा डबा होता.

घरात दुसरं कुणी नव्हतं. समोरच्या दुकानातले लोक बघत होते. पदर धरून मी रस्त्यावर पळत सुटले आणि ओरडले, "भाऊजी, थांबा! दीड सुताचा लागलाय! माझ्या हातून!"

ते उतरले. बोल्ट दोन बोटांनीच निघून आला. माझ्याकडे न बघता ते हँडलला म्हणाले, "बरोबर हाय. ह्या घरात कुणाला तरी फरक कळतो म्हणायचा."

पाच मिलिमीटरचा बोल्ट लावून ते गेले आणि दिवस मावळताना रिकामी बाटली घेऊन सुखरूप आले. पुढे त्यांची नजर अधू झाली. एखादा बोल्ट ओळखू आला नाही की ते दारात ठेवून खाकरायचे, आणि मी आतून माप सांगायची. तीन शब्द, कधी दोन. ते वारले तेव्हा बायकांनी मला विचारलं, स्वभावाने कसे होते गं? मी म्हणाले, "पाच मिलिमीटरचे. खड्ड्यात दगा न देणारे."