फुकट आलेली बॅटरी

टॉर्चला आमच्याकडं बॅटरी म्हणतात, आणि मला बॅटऱ्यांचा नाद आहे. दारूचा असता तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं. म्हातारा आहे, बायको गेली, पितो बिचारा, असं म्हणाले असते. बॅटऱ्यांचं कुणाला काय सांगणार?

माझा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या नंतरचा. किती नंतरचा ते टिपायचं राहून गेलं, कारण घरात कुणाला लिहिता येत नव्हतं. आम्ही मेंढरंवाले. शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरं गावाजवळ असतील तेवढेच दिवस. पुढं मेंढरं भावाकडं राहिली आणि मी शहरात येऊन एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालो. तिथं हातात पहिली बॅटरी आली. कारखान्याची होती, पाळी संपली की जमा करावी लागायची. जमा करताना सासरी लेक धाडल्यासारखं वाटायचं. मग स्वतःची घेतली. मग तिला जोड घेतली. रिटायर झालो तेव्हा लोक पेन्शनचे कागद सांभाळत होते आणि मी बॅटऱ्यांची ट्रंक.

बायको म्हणायची, "एवढा उजेड घरात, अन् तुमाला सोताचा चष्मा सापडत नाय."

म्हणायची खरी, पण नवी बॅटरी पारखायची तीच. तीही मेंढरंवाल्यांचीच लेक. माझ्या डाव्या काखेत उशी कोंबायची आणि म्हणायची, "हे कोकरू समजा. आता लावा. आता इझवा." उशी घसरली किंवा दुसरा हात मदतीला आला की निकाल लागला. "ही शोकेसात ठिवा." मी चिडायचो. अगं, आता कुठली मेंढरं, कुठलं कोकरू? आपण शहराच्या कडेला पडेगावात राहतो, बॅटरी लाइट गेल्यावर मीटर बघायला लागते. पण तिच्या नजरेतून बॅटरी उतरली की माझ्याही मनातून उतरायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

ती गेल्यावर मी ट्रंक उघडून बसायला लागलो. एकेक बॅटरी पुसायची, लावायची, विझवायची, आणि गेलेल्या बायकोशी थोडं बोलायचं. सुनेला ते बघवेना. एक दिवस तिनं मोबाइल माझ्यापुढं उभा केला. म्हणाली, "मामा, भिंतीशी बोलण्यापेक्षा याच्याशी बोला. निदान कुणीतरी ऐकंल."

असे माझे व्हिडिओ सुरू झाले. दिवेलागणीला गच्चीवर उभं राहायचं, बॅटरी लावायची, उजेड पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जातो का लिंबाच्या झाडापर्यंतच मरतो ते दाखवायचं. मग बॅटरी बादलीत बुडवायची. मग जिन्यावरून सोडून द्यायची. जी जगली ती चांगली. एका बॅटरीला मी म्हणालो, "हिच्यापेक्षा काडीपेटी बरी, निदान बिडी तरी पेटती." ते लोकांना लई आवडलं. कुठून कुठून माणसं लिहायची, काका खरं बोलतात. मला त्याची गुर्मी चढली. आपल्याला कुणी विकत घेऊ शकत नाही, असं मला वाटायचं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग एका बॅटरी विकणाऱ्याचा फोन आला. गोड बोलणारा माणूस.

"काका, तुमचे व्हिडिओ आम्ही सगळे बघतो. एक पीस पाठवतो. आवडली तर दोन शब्द चांगले बोला."

"अन् नाय आवडली तर?"

"आवडेलच हो काका. फक्त आम्ही पाठवली असं बोलू नका. लोकांना उगीच शंका येते."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरी पाव्हण्यानं टॉवेल-टोपी केली तर आपण गल्लीत ओरडून सांगतो का?

डबा आला. आत मखमलीसारख्या कापडात बॅटरी. आणि इथं माझं डोकं आमच्या घरच्या रीतीनं चाललं. शेजारून भांड्यात काही आलं तर ते भांडं आमच्या घरातून कधी मोकळं परत गेलं नाही. घरात काही नसलं तर बायको त्यात चिमूटभर साखर घालायची, पण मोकळं द्यायची नाही. आता विकणाऱ्याचं भांडं मी कशानं भरू? म्हटलं, तोंडानं भरतो. आणि भरलं, अगदी शीग लावून. गच्चीवर उभा राहून म्हणालो, अशी बॅटरी आमच्या ट्रंकेत आजवर आली नाही. उजेड टाकीच्याही पलीकडं गेला, ते खरंच होतं. तिला एकच बटण. एकदा दाबलं की झगझगीत, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लुकलुक, मग कुठं विझायची. लुकलुक लागल्यावर मी हसून म्हणालो, "ही बघा गंमत, वरातीत नाचायला बरी!" बादलीत बुडवली नाही. जिन्यावरून टाकली नाही. पाव्हण्याची वस्तू कशी टाकायची?

सुनेनं मोबाइल खाली घेतला आणि भरून ठेवलेली बादली तशीच ओतून दिली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

दोन-चार दिवसांनी मेव्हण्याचा फोन आला. हा माझ्या बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्याची आई लवकर गेली, बायकोनंच त्याला वाढवला. आमच्या लग्नात नवरीच्या कडेवर पोरगं होतं, असं लोक अजून माझी चेष्टा करतात, ते पोरगं हेच. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्या. वेरूळच्या पुढं त्याचं गाव, पण दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं उतरतो. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. मागच्या हिवाळ्यात बिबट्यानं त्याची दोन मेंढरं नेली, आणि जुनी बॅटरी ऐन वेळी लागली नाही.

"दाजी, तुमचा यिडियो बघितला. तीच बॅटरी घिऊ म्हणतो."

"घे की."

"कितीला घेतली तुमी?"

आता हा काय प्रश्न झाला? आमच्याकडं कुठल्याही वस्तूला माणूस आधी हेच विचारतो. बैल असो, चप्पल असो, जावई असो. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"दाजी? हायेत का?"

"हाय हाय. रेंज जाती."

"तुमी तर आत्ता लई चांगले ऐकू येत होता."

मी इकडचं तिकडचं बोललो, पाऊसपाणी विचारलं. तो मेंढरं राखणारा माणूस, कळपातनं एक बाजूला सरकलं तर त्याला लगेच कळतं. म्हणाला, "आक्का असती तर मी तिलाच इचारलं असतं. आता तुमचाच सबूद. रातच्या दोनला तिथं कुणी नसतं, दाजी. बॅटरी अन् मी."

मग सांगितलं. म्हणालो, "फुकट आली. त्यांनीच धाडली. चांगलं बोला म्हणले, मी बोललो."

त्यानं आधी एका मेंढराला हाळी घातली.

"बरं," तो म्हणाला. रागावला नव्हता, तेच वाईट वाटलं. "मग एवढंच सांगा. दुकानात गेला असता तर हीच उचलली असती का?"

"थांब. बघून सांगतो."

"तुमी बघितली नव्हती व्हय?"

त्या दिवशी संध्याकाळी उशी घेऊन गच्चीवर गेलो. काखेत उशी धरली. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. धरल्यावर काही क्षण बॅटरी लावायचं सुचलंच नाही, नुसता उशी धरून उभा राहिलो. सून वाळलेले कपडे काढत होती.

बॅटरी लागली एका हातानं, फर्मास. विझवायला गेलो तर मंद. पुन्हा दाबलं तर लुकलुक. तेवढ्यात उशी घसरायला लागली म्हणून अंगठा सुटला, आणि लुकलुकता उजेड सरळ पलीकडच्या अंगणात. तिथं शेजारणीच्या शेळ्या बांधलेल्या. शेळ्यांनी दाव्याला असे हिसके दिले की पाण्याचं घमेलं उलटलं, एक शेळी चुलीवर चढली, आणि शेजारीण बाहेर आली.

"क्या कर रै चाचा! बकऱ्यां मर जाते ना!"

"बंद नाय होत, भाभी!"

"तो फेंक दो ना उसको!"

इथं दाव्याला बांधलेल्या शेळ्यांची ही गत. मोकळ्या रानात सगळा कळप उधळला असता, आणि बिबट्याला आणखी काय पाहिजे? मेंढरंवाल्याच्या पोटी जन्मलेला मी, त्या लुकलुकीला वरातीची गंमत म्हणालो होतो.

मेव्हण्याला लगेच फोन केला, "घिऊ नको." पण व्हिडिओ तसाच होता. सून म्हणाली, "मामा, दुसरा करायचा. अन् आधी सांगायचं की फुकट आलेली हाय."

"लाज वाटती गं."

"साऱ्या दुनियेच्या मालाला शिव्या देताना नाय वाटली?"

"पण त्याचं भांडं घरात हाय. घ्यायचं अन् वर नावं ठेवायची?"

"मग भांडं भरून द्या की. तोंडानं कशाला भरता?"

पोरगी शिकलेली आहे, पण हे तिला सासूनं शिकवलेलं. मी शेंगदाण्याची चटणी केली. तव्यावर दाणे जरा जास्तच भाजले. बॅटरी त्या मखमलीत ठेवली, शेजारी चटणीची पुडी, आणि डबा कुरिअरनं परत. सोबत लिहिलं की चटणी थोडी करपली आहे. म्हटलं, आता तरी खरं बोलायची सुरुवात करावी.

विकणाऱ्याचा फोन आला. "काका, हे काय पाठवलंत?"

"तुमचं भांडं भरून दिलं. आता मी मोकळा. व्हिडिओत खरं सांगणार हाय."

"अहो, पण अशी काय अडचण आली?"

"तुमच्याकडं शेळी हाय का?"

"नाही."

"मग नाय समजायचं."

दुसरा व्हिडिओ केला. आधी सांगितलं की बॅटरी फुकट आली होती, हे लपवायला सांगितलं होतं, आणि मी आनंदानं लपवलं. मग काखेत उशी घेऊन दाखवलं. लोक हसले. मग विचारायला लागले. काका, त्याआधीच्या पण फुकटच्या होत्या का? एकानं लिहिलं, म्हातारा विकला गेला. ते झोंबलं. विकला गेलो असतो तर हातात काही तरी पडलं असतं. पण विचारणाऱ्याचं चूक नव्हतं. त्या साऱ्या बॅटऱ्या माझ्याच होत्या, विकत घेतलेल्या, पण आता ते माझ्याच तोंडून ऐकायचं होतं आणि त्या तोंडाचा भाव उतरलेला. आता प्रत्येक व्हिडिओच्या आधी कुठून आणली ते सांगतो. कुणी पुन्हा काही पाठवलं नाही.

दिवाळीनंतर मेव्हणा घरी आला. ट्रंक त्याच्यापुढं उघडून मी मागं सरकलो.

"कंची नेऊ, दाजी?"

"मला इचारू नको. हातात धरून बघ."

त्यानं माझ्या लाडक्या बॅटऱ्या एकेक करून बाजूला ठेवल्या. ही निसटती. ही लई नाजूक. हिचं बटण कुठंय तेच कळंना. माझ्या जिवाचं पाणी होत होतं. शेवटी तळातली पत्र्याची, सरकत्या बटणाची उचलली, जिच्यावर मी कधी व्हिडिओसुद्धा केला नव्हता.

आठवड्यानं गोदाकाठावरून त्याचा फोन. "दाजी, मेंढरं सगळी हायेत. बॅटरी बरी हाय. पण वजनानं मनगट दुखतं, अन् झाकण ढिलं झालंय. तुमी सांभाळली नाय."

सुनेनं त्याला तेच पुन्हा बोलायला लावलं आणि जसंच्या तसं व्हिडिओत टाकलं. खाली कुणीतरी विचारलं, या माणसाला काय दिलं होतं?

मी तिला लिहायला सांगितलं, माझी बॅटरी दिली होती. तरी बघा कसा बोलतोय.