सही राहिलेला कागद

हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना होता. त्यात मी 'मैत्रीण' असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने तो शब्द वाचला, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजी, घरचं कुणी नाही का?"

आत ज्यांना नेलं होतं, त्यांच्या कोथरूडच्या घरात मी नऊ वर्षं राहत होते. आमची ओळख बँकेत झाली. हयातीचा दाखला द्यायला दोघंही रांगेत उभे होतो. त्यांचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. मागे वळून ते मला म्हणाले, "बघा, मी बहुधा नाहीच आहे. आपण पुढे व्हा." ते एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, मी शाळेत मराठी शिकवायचे. त्यांची पत्नी गेलेली, माझे पती गेलेले. त्यांना एक मुलगा, तो परदेशात. मला मूलबाळ नाही.

आम्ही लग्न केलं नाही. केलं असतं तर पतीची मला मिळणारी पेन्शन बंद झाली असती, हे एक कारण. दुसरं म्हणजे, साठी ओलांडल्यावर गळ्यात हार घालून फोटो काढायची आम्हा दोघांनाही लाज वाटायची. खरं सांगायचं तर दुसरंच कारण मोठं होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वकील आहे. नारायण पेठेत तिचं ऑफिस आहे. ती आमच्या मागेच लागली. "बाई, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही एकमेकांचे कुणीही नाही. उद्या एकाला काही झालं तर दुसऱ्याला कुणी विचारणार नाही."

हे म्हणाले, "पस्तीस वर्षं कंपनीत होतो, तिथेही मला कुणी विचारलं नाही. सवय आहे."

ती हसली नाही. पण एका बाबतीत त्यांनाही कागद हवा होता. त्यांची पत्नी शेवटचे तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होती. ते त्यांनी पाहिलं होतं. "माझ्या घशात नळी घालायची नाही," असं ते मला किती वेळा म्हणाले असतील, मोजलं नाही. वकिलीणबाईंनी सांगितलं की हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी, एवढंच लागतं. आपल्या वतीने कुणी बोलायचं, तेही त्यात लिहायचं. तिथे त्यांनी माझं नाव सांगितलं.

कागद टाइप होऊन आला. साक्षीदार समोर बसले होते, नोटरी आले होते. यांनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, "थांबा, एकदा वाचते." दुसऱ्याच ओळीत 'इच्छेविरुद्ध' चुकीचं लिहिलेलं. पुढे आणखी दोन चुका. मी तिन्हींभोवती गोल केले.

"चालतंय की हो," ते म्हणाले.

"चुकीच्या कागदावर सही करायची नाही," मी म्हटलं. आयुष्यभर मुलांना हेच सांगितलेलं. साक्षीदार हसले, सगळ्यांनी चहा घेतला आणि कागद परत गेला.

दुरुस्त प्रत चार दिवसांत तयार झाली. तेव्हा गणपती बसले होते, पेठांतले रस्ते बंद. विसर्जन झालं की जाऊ, असं ठरलं. विसर्जन होऊन पाचव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांच्या हातातून कप पडला. मी हाक मारली तर त्यांना शब्द फुटेना.

डॉक्टर म्हणाले, श्वासासाठी मशीन लावावं लागेल. मी म्हटलं, त्यांना ते नको होतं.

"तसं काही लेखी आहे का?"

"आहे. सही राहिली आहे."

मुलाला फोन लावला होता. तो मला म्हणाला, "काकू, बाबा माझ्याशी असं कधीच बोलले नाहीत. मी निघतोय. तोपर्यंत जे जे शक्य आहे ते सगळं करायचं." त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. डॉक्टरांनी त्याचं ऐकलं, आणि कायद्याप्रमाणे तेच बरोबर होतं.

आत जायचा पास एकच असायचा. मुलगा तिसऱ्या दिवशी आला आणि रोज दुपारी अर्धा तास तो पास मला द्यायचा. डोळे उघडे ठेवून हे पडलेले असत. नळी तोंडात चिकटपट्टीने बसवलेली. ते माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यात प्रश्न होता की नाही, कोण जाणे. पण मी उत्तर देत राहायचे. "माझ्या हातात नाही हो. खरंच माझ्या हातात नाही."

अकरा दिवसांनी ते गेले.

वैकुंठ स्मशानभूमीत गुरुजींनी माझ्याकडे बघून विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, "या आमच्या काकू." नंतर घरी तो म्हणाला, "काकू, हवं तितके दिवस राहा." तो मनापासून बोलत होता. मी महिन्याभरात वारज्याच्या माझ्या जुन्या खोलीत परतले. निघताना त्यांचा चष्मा नेऊ का, असं त्याला विचारलं. "अहो, विचारता काय!" तो म्हणाला. पण मला विचारावं लागलंच होतं. नऊ वर्षं रोज सकाळी मीच पुसलेला चष्मा.

पुढच्या महिन्यात मी माझा कागद केला. न वाचता सही केली. वकिलीणबाई म्हणाली, "बाई, वाचा तरी." मी नको म्हटलं.

मुलाचा फोन दिवाळीनंतर आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "बाबा खरंच तसं म्हणाले होते का?"

"हो," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आईच्या वेळी मला येता आलं नव्हतं, काकू. म्हणून या वेळी काहीच कमी पडू द्यायचं नव्हतं."

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. त्या तीन चुकांबद्दलही. ते जमलं नाही. पुण्याला आलास की जेवायला ये, एवढंच म्हटलं. येतो म्हणाला. अजून आलेला नाही.