चिंचोक्यांच्या रांगा

जगातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या खणात घालता येते, आणि घालता आली नाही तर दोष गोष्टीचा नसून खणाचा असतो, अशी श्रद्धा बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या वडिलांचे मावसभाऊ. आम्ही त्यांना नुसते काका म्हणत असू. तरुणपणी त्यांनी खानेसुमारीच्या, म्हणजे शिरगणतीच्या, कचेरीत काही काळ काम केले होते. माणसामागे एक चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी धर्म, भाषा, धंदा पाहून ज्या त्या खणात टाकायची, एवढेच ते काम. कचेरी उठली, बाकीचे कारकून दुसऱ्या नोकऱ्यांना लागले. काका मात्र नंदुरबारला आमच्या घरी राहायला आले आणि मनाने त्या खणांपुढेच बसून राहिले.

त्यांच्या या छंदाने घरातल्यांना किती वेळा अवाक् केले, ते सांगणे कठीण आहे. ओसरीच्या भिंतीवर ते गेरूने सारख्या रुंदीचे पट्टे काढीत. घरी येणारा माणूस कशासाठी आला, ते पाहून त्याच्या पट्ट्याची उंची बोटभर वाढवीत. एकदा आत्याच्या यजमानांनी सहज विचारले की, हा सर्वांत उंच पट्टा कशाचा? काकांनी अत्यंत आदराने सांगितले, ‘नुसते जेवायला येणाऱ्यांचा; त्यात आपला वाटा मोठा आहे.’ पुढे कित्येक महिने ते गृहस्थ आमच्याकडे पाणीसुद्धा प्याले नाहीत. ‘इतर’ या शब्दाचा तर काकांना संताप येई. कचेरीत डोंगरातल्या माणसांच्या बोली साहेबाने एकाच ‘इतर’ खणात ढकलायला लावल्या होत्या, ते दुःख त्यांना जन्मभर पुरले. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून कोणी चारोळी घेऊन उतरला की काका त्याला ओट्यावर बसवून घरी कोणती बोली बोलता, हे विचारीत आणि त्या बोलीसाठी भिंतीवर नवा पट्टा काढीत. शाळा तपासायला आलेले एक विद्वान गृहस्थ आमच्याकडे जेवताना सरासरीचे गुणगान करू लागले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “साहेब, वांगा नि मेथीनी सरासरी कशी काढशात?” साहेबांचा घास हातातच राहिला.

परंतु काकांची एक पद्धत घरात सर्वांनी स्वीकारली होती. आमच्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर सुनांनी तोंड उघडण्याची रीत नव्हती. काकांनी तोड काढली. काही ठरवायचे असेल तर एक सूप ओसरीवर पुरुषांसाठी आणि एक माजघरात बायकांसाठी ठेवायचे. प्रत्येकाने त्यात आपले मत टाकायचे. गाय विकायची की नाही येथपासून पापड केव्हा करायचे येथपर्यंत आमच्या घरच्या बायका अशा रीतीने न बोलता बोलत असत.

मी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाले, पुण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली, आणि त्याच आठवड्यात अक्कलकुव्याच्या एका सधन घरचे स्थळ सांगून आले. लग्न लगेच हवे होते. म्हणजे शिक्षण तेथेच संपणार होते. सुपे मांडली गेली. वडिलांची मिरचीची आडत असल्यामुळे घरात मिरचीला तोटा नव्हता. होकाराला वाळलेली मिरची आणि नकाराला चिंचोका असे त्यांनीच ठरवले. थोड्याच वेळात दोन्ही सुपे वडिलांपुढे आली. दोन्हींत लाल रंगच वर तरंगत होता. वडिलांनी समाधानाने पाहिले आणि आईला गूळ आणायला सांगितले.

मी दाराआडून पाहत होते. गूळ वाटला गेला की पुण्याची वाट बंद होणार होती.

“दादा, थांबा,” काका म्हणाले. “मिरची फुगेल ऱ्हास. चिंचोका तिना खाले दपी जास.”

मिरची जागा फार व्यापते, चिंचोका तिच्याखाली दडतो, हे मिरचीच्या व्यापाऱ्याला सांगण्याचे धाडस त्यांनी केले. मग त्यांनी नकाराचे चिंचोके वेगळे ठेवले, एकेक मिरची काढून मापाला सारखा म्हणून तिच्या जागी एकेक चिंचोका घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर रांगा मांडल्या. पुरुषांचा होकार लांब, नकार तोकडा. बायकांचा नकार लांब, होकार अगदी तोकडा. वडील म्हणाले, दोन्ही सुपे मिळून अजूनही होकारच जास्त आहे. काकांनी मान डोलावली. ते खरेच होते. मग ते हळूच म्हणाले, “पन ज्या सासरे जाईसन ऱ्हायन्यात, त्या काय सांगी ऱ्हायन्यात, ते बी देखा.” म्हणजे सासरी नांदलेल्या बायकांचे म्हणणे. आणि लगेच, “पोरले कोन्ही इचारं का?”

आत्याने पदर तोंडावर धरला. आमच्या घरात लग्नाच्या मुलीला तिचे मत विचारण्याची गोष्ट आजवर कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती. काकांनी मला बाहेर बोलावले, तळहातावर एक चिंचोका ठेवला आणि तिसरी जागा दाखवली. तेथे अजून काहीच नव्हते. इकडे ठेवलास तर होकार, तिकडे ठेवलास तर नकार, असे सांगून ते समोर बसले. मी तो नकाराच्या बाजूला ठेवला. वडिलांनी ती एका चिंचोक्याची रांग पाहिली आणि ते न जेवता पेढीवर निघून गेले. कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढायला सांगितली, आणि मी पुण्याला गेले.

पुढे मी शहाद्याच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. काका अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा भेटायला गेले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते एकाएकी म्हणाले, “बेटा, त्या दिन मी समोर बसेल व्हतू. म्हनीसन तर तठे ठेवा नई ना तू?”

मी थक्क झाले. आपण समोर होतो म्हणून तर मी चिंचोका तेथे ठेवला नसेल ना, हे इतकी वर्षे या माणसाच्या मनात होते. नाही काका, माझ्याच मनाने ठेवला, असे मी घाईने सांगितले.

“आते बी मी समोरच शे,” ते म्हणाले. मग मोठ्या कष्टाने कुशीवर वळून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. “आते सांग.”

मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मी या वेळी खरोखर विचार केला आणि तेच उत्तर पुन्हा दिले. ती ताठ धरलेली पाठ हळूहळू सैल झाली, आणि थोड्या वेळाने त्यांना झोप लागली.