न उचललेले कप

विदाद शरारा चेंबरमध्ये टंकलेखिका म्हणून लागली. पुढे तिचे काम नेमके काय झाले, हे तिच्या हुद्द्यावरून कुणालाही कळले नसते. चेंबर म्हणजे अमेरिकेत डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नच्या अरब व्यापाऱ्यांची संघटना. संघटनेच्या वार्षिक अहवालांत आखाती शिष्टमंडळे, मोटारींच्या सुट्या भागांचे करार आणि हॉटेलातल्या मेजवान्या यांना पानेच्या पाने मिळत. विदादचा दिवस मात्र रस्त्यावर जाई. नव्या बेकरीवाल्याला बँकेच्या माणसासमोर बसवायचे; डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीत पेट्रोल पंप चालवणाऱ्या येमेनी मालकाला तिथल्या चर्चच्या जेवणाला न्यायचे; आणि पुढच्या वेळी त्या लोकांनी तिच्यावाचून भेटावे, अशी व्यवस्था करायची. दक्षिण लेबननमधल्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ती आली, तेव्हा तिला इंग्रजीत फक्त आभार मानता येत. सुरुवातीला तेवढे पुरते, असे ती नव्या सभासदांना सांगे.

त्या फेब्रुवारीत तेवढ्याने भागणार नव्हते. मुस्लेह अल-जहमी या येमेनी मालकाच्या पंपावरच्या दुकानात आल्विन गेन्स नावाचे निवृत्त मोटार कामगार नासलेले दूध परत करायला आले. गल्ल्यावर मुस्लेहचा पुतण्या नबील होता. शब्दाला शब्द लागला. नबील गल्ल्यापुढच्या जाड काचेमागून बाहेर आला आणि त्याने म्हाताऱ्याला दाराबाहेर ढकलले. बाहेर बर्फ गोठलेला होता. धक्का किती जोराचा होता, याबद्दल दोन हकिगती सांगितल्या जात होत्या. मोडलेल्या मनगटाबद्दल एकच.

गेन्स यांच्या चर्चने ठरवले की रविवारच्या प्रार्थनेनंतर त्या रस्त्यावरच्या सगळ्याच अरब दुकानांवर बहिष्कार पुकारायचा. चाळीसेक दुकाने होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना नबील कोण हे माहीतही नव्हते. विदादने पाद्रीबाबांकडून शनिवारची दुपार मागून घेतली. गेन्स स्वतः नको म्हणाले तरच आम्ही थांबू, एवढेच आश्वासन त्यांनी दिले.

मुस्लेहला वकील पाठवायचा होता. वकील गेला तर मी तुला ओळखत नाही, असे विदादने त्याला बजावले. तिच्या मते रस्ता एकच होता, तिच्या आणि त्याच्या गावांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला: वडीलधाऱ्याला पुढे करून, ज्याला दुखावले त्याच्या घरी जायचे. वडीलधारे म्हणून हजयात्रा करून आलेले वयस्कर हाज काइद आले. येमेनी मंडळींत त्यांचा शब्द खाली पडत नसे. नबील तर काकाला जुमानत नसे, हाजना जुमानी. रिवाजाप्रमाणे यजमानासमोर ठेवायला त्यांनी कमरेला वाकडा खंजीर लावला होता.

गाडीत बसतानाच विदाद म्हणाली, "हाज, हा घरी ठेवून या."

"तो समोर ठेवल्याशिवाय माफी मागायची कशी, पोरी?"

"त्यांना वाटेल, उरलेला हात कापायला आलात."

हाज हसले आणि खंजीर घरी ठेवून आले. नबीलला तर तिने मुद्दामच वगळले होते. त्याला पाहून गेन्स भडकतील अशी तिला भीती होती. एवढी खबरदारी घेतल्यावर आता काही राहिले नाही, असे तिला वाटले.

गेन्स प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांची बायको अर्नेस्टीन हिने विदाद, हाज आणि मुस्लेह यांच्यापुढे तीन कप कॉफी आणि केक आणून ठेवला. हाजनी घोगऱ्या, शांत आवाजात सुरुवात केली आणि विदाद इंग्रजीत सांगत गेली. मुलगा चुकला, इलाजाचा भार घराणे उचलेल, बदल्यात तुमच्या तोंडचा एक शब्द हवा. गेन्स ऐकत होते. अर्नेस्टीन कपांकडे पाहत होती. वाफ विरली, कॉफीवर साय धरली.

"साखर कमी आहे का?" तिने विचारले.

छान आहे, असे विदाद म्हणाली. तिचा स्वतःचा कपही तसाच होता.

"चाखलेली नाही, तरी छान?" गेन्स प्रथमच बोलले. "बारा वर्षं तुमच्या दुकानातून ब्रेड नेतोय मी. आमच्या नोटांना हात लागतो तुमचा. आमच्या कपाला लागत नाही?"

मागणी घेऊन आलेला पाहुणा, यजमान "दिलं" म्हणेपर्यंत कपाला हात लावत नाही, हे विदाद इतक्या लहानपणापासून पाहत आली होती की या घरात ते सांगावे लागेल, हे तिला सुचलेच नव्हते. तिने घाईघाईने रिवाज सांगितला. हा मान आहे, अपमान नव्हे.

"म्हणजे मी हो म्हणेपर्यंत माझ्याच घरात, माझ्याच कॉफीसमोर मला अडकवून ठेवायचं?" गेन्स म्हणाले. "हा मान तुमच्याकडे ठेवा, बाई. आधी प्या. बोलायचं की नाही, ते मग बघू."

विदादने हाजकडे पाहिले. शब्द मिळण्याआधी कप उचलला, तर मागणी आपणच सोडून दिल्यासारखी होते. हाजच्या डोळ्यांत तेवढेच होते. अर्नेस्टीन केकची बशी परत न्यायला पुढे झुकली.

विदादने कप उचलला आणि गार कॉफी तळापर्यंत प्यायली.

हाज उठले, छातीवर हात ठेवून गेन्सना वाकले आणि बाहेर निघून गेले. मुस्लेह दाराकडे पाहत राहिला. मग त्यानेही कप ओठांना लावला.

"पोरगा कुठाय?" गेन्सनी विचारले.

"घरी. मीच नको म्हटलं."

"का? मी चावतो? ढकललं त्याने, आणि माफी मागायला म्हातारा. उद्या चर्चच्या आधी त्याला इथे उभा करा. तो आला तर पाद्रीबाबांना मी थांबवतो. नाही आला तर थांबवणार नाही."

विदाद बाहेर आली. हाज मागच्या सीटवर कोट आवळून बसले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"तू कप उचललास," ते म्हणाले. "मी आलो कशाला होतो?"

तिने गेन्स काय म्हणाले तेवढे सांगितले, आणि नबील तुमच्याशिवाय कुणाचे ऐकणार नाही, हेही. हाजनी नकार दिला असता, तर तिच्याकडे दुसरा माणूस नव्हता.

"किती वाजता?"

"आठला."

"पोराला पायरीपर्यंत आणीन. आत मी येणार नाही."

"चालेल."

"चालेल काय? चालवून घ्यावं लागेल तुला." त्यांनी घराकडे मान वळवली. "मुस्लेह अजून आत काय करतोय?"

खिडकीतून अर्नेस्टीन दिसत होती. तिच्या हातात सुरी होती आणि मुस्लेहने बशी पुढे धरली होती.

"केक खातोय."

"खाऊ दे," हाज म्हणाले. "एवढ्यात उठला तर बरं दिसणार नाही."